खरं लेदर की लेदरेट? कोकणातले सहा पावसाळे काढल्यावर

भाच्याचा फोन आला तेव्हा तो कुडाळला जुन्या गाड्यांच्या डीलरकडे उभा होता. समोर दोन गाड्या. एकीत कंपनीचं खरं लेदर, दुसरीत कापडी सीट, आणि "त्यावर नप्पा लेदर फुकटात बसवून देतो" असं डीलरचं आश्वासन. भाचा म्हणाला, "मामानू, लेदरावर बुरशी येतली मा?"

येणार. तरी मी त्याला लेदरचीच गाडी बघायला सांगितली. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. मी काही कुशनवाला नाही. रत्नागिरी, लांजा, राजापूर या पट्ट्यात कामानिमित्त रोज गाडी चालवणारा माणूस आहे. कापड, लेदरेट म्हणजे कृत्रिम लेदर, आणि खरं लेदर, अशा तिन्ही प्रकारच्या सीटांवर घाम गाळून झालेला आहे, तेवढाच माझा अधिकार.

कापडाचं आधी उरकून टाकतो. उन्हाळ्यात कापडासारखं सुख नाही. एप्रिलच्या दुपारी गाडी उघडून थेट बसता येतं, चटका नाही, पाठही त्यातल्या त्यात कोरडी राहते. पण माझ्या पहिल्या गाडीत बांगड्यांची पिशवी मागच्या सीटवर कलंडली, तेव्हा नेमका आषाढ चालू होता. पाणी कापडातून खाली फोममध्ये उतरलं. कापड धुतलं, वाळलं, वास गेला असं वाटलं. पुढच्या जूनमध्ये पहिली सर आली आणि बांगडे परत आले. ती गाडी विकेपर्यंत दर पावसाळ्यात आले. काजूच्या बोंडाचा रस कापडावर सांडला तर तो डाग कायमचा, हे कोकणात कोणाला सांगायला नको. ज्यांच्या घरात मासे डिकीतूनच येतात आणि मुलं मोठी झाली आहेत, त्यांनी खुशाल कापड ठेवावं. मला ते जमलं नाही.

म्हणून दुसऱ्या गाडीला 2013 च्या दिवाळीत लेदरेट बसवून घेतलं. काळं, लाल शिलाईचं. दुकानदाराने त्यालाही नप्पाच म्हटलं होतं. खरं नप्पा म्हणजे मऊ कमावलेलं कातडं, पण कव्हरांच्या बाजारात कोणत्याही मऊ कृत्रिम मालाला ते नाव लागतं. मला त्याची तक्रार नव्हती. पहिली तीन वर्षं मी ज्याला त्याला तेच घ्यायला सांगत होतो. ओल्या फडक्याने पुसलं की काम संपलं. मासे सांडा, सोलकढी सांडा, काही फरक नाही. खर्चही खऱ्या लेदरच्या मानाने काहीच नाही.

मे 2018 मध्ये राजापूरला एका लग्नाला गेलो. पांढरा झब्बा, नवा, इस्त्रीचा. दुपारी बाराचा मुहूर्त, हवा अशी की उभ्या उभ्या घाम. गाडीतून उतरून मांडवात शिरलो तर मागून कोणीतरी पाठ झटकायला लागलं. मला वाटलं, ओळखीचं कोणी थाप मारतंय. तो माणूस म्हणाला, "अहो, पाठीला काय लागलंय?" झब्बा काढून बघण्याची सोय नव्हती. घरी आल्यावर बघितलं. पापड जळल्यावर जसे काळे पापुद्रे सुटतात, तसा चुरा पाठभर चिकटला होता. झटकला की पसरत होता, ओला हात लावला की त्याची शाई होत होती. सीटकडे गेलो. टेकण्याच्या जागी, बरोबर पाठ टेकते तिथे, वरचा काळा थर उलून खालचं करडं विणलेलं कापड दिसत होतं. नखाने उचललं तर टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे निघत होते.

मग ते थांबलंच नाही. बायकोच्या साडीला, मुलाच्या गणवेषाला, आईच्या मानेला, सगळीकडे तो चुरा. आई घामेजली असेल तर मानेवर तिळासारखे ठिपके दिसायचे. दुकानदाराकडे गेलो. त्याने शांतपणे सांगितलं की यावर इलाज नाही, नवीन बसवा. खोटं बोलला नाही तो.

यामागचं कारण मला नंतर कळलं. मऊ लेदरेट बहुधा पीयूचं, म्हणजे पॉलीयुरेथेनचं असतं. दमट हवेत या थराची रासायनिक साखळी पाण्याच्या वाफेने हळूहळू तुटत जाते, याला हायड्रॉलिसिस म्हणतात. उष्णता त्या कामाला घाई करते. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटांचा तळ एक दिवस चालता चालता भुगा होऊन पडतो ना, तोच प्रकार. म्हणजे वापरून झिजतं असंही नाही, नुसतं दमट हवेत राहून मरतं. आणि दमट हवा म्हणाल तर रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या आसपास असते. सोलापूरला हेच कव्हर कदाचित दहा वर्षं टिकेल. माझं चार पावसाळे टिकलं.

सगळंच लेदरेट पीयूचं नसतं, हेही सांगायला हवं. पीव्हीसीचं, ज्याला आपण साधं रेक्झिन म्हणतो, ते दमटपणाला बऱ्यापैकी पुरून उरतं. एसटीच्या सीटा आठवा. पण ते हाताला राठ लागतं, उन्हात तापतं, आणि मऊपणासाठी घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं उडत गेलं की कडक होऊन चिरतं. तरी लेदरेटच घ्यायचं ठरलं असेल तर माझं मत विचारून बघा: मऊ लागणाऱ्या महागड्यापेक्षा किंचित राठ असलेलं घ्या. काही कंपन्या दमटपणाला टिकणारं पीयूही वापरतात, पण कव्हरवाल्याच्या दुकानात ते ओळखायचं कसं, हे मला कोणी सांगू शकलं नाही.

आता खरं लेदर. ऑक्टोबर 2019 मध्ये पुण्याहून चार वर्षं जुनी गाडी आणली, त्यात कंपनीचंच लेदर होतं. सगळे म्हणाले, कोकणात लेदर म्हणजे बुरशीला आमंत्रण. पुढच्याच वर्षी ते खरं ठरलं. 2020 च्या जुलैत टाळेबंदीमुळे गाडी शेडमधून हललीच नाही. सतरा-अठरा दिवसांनी दार उघडलं तर सीटांवर पांढरट हिरवी साय, देवळाच्या जुन्या दगडावर असते तशी. वास वेगळाच. बायको म्हणाली, विकून टाका.

शेजारच्या काकांनी सल्ला दिला, वहाणेला लावतो तसं खोबरेल चोळा. मी चोळलं. हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा. गाडीच्या लेदरवर कारखान्यातच रंगाचा आणि वर पारदर्शक थर दिलेला असतो, तेल आत जातच नाही. वर बसून राहतं, धूळ धरतं, खवट होतं आणि बुरशीला जेवण मिळतं. दहा दिवसांत साय दुप्पट झाली. (खोबरेलचा एकच उपयोग मला मान्य आहे: फणसाचा चीक. फणस मागे ठेवला आणि चीक सीटला लागला तर थोडं तेल बोटाने चोळायचं, चीक सुटला की लगेच साबणाच्या फेसाने तेल काढून टाकायचं.)

शेवटी जे केलं ते अगदी साधं होतं. गाडी खळ्यात काढली, चारही दारं उघडली, तोंडाला फडकं बांधलं. आधी कोरड्या मऊ फडक्याने बुरशी पुसली, ती फडकी फेकून दिली. मग सौम्य साबणाचा नुसता फेस, घट्ट पिळलेलं फडकं, मागोमाग कोरडं फडकं. स्पिरिट लावायचं नाही, त्याने वरचा थर उतरतो. उन्हात वाळवायचंही नाही. सावलीत, पंखा लावून. दुसऱ्या दिवशी सीट जशी होती तशी. डाग नाही, भेग नाही. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

माझं पारडं झुकलं ते तिथेच. बुरशी दिसायला भयंकर, पण ती वरवरची होती, एका सकाळच्या कामात गेली. लेदरेट मात्र पहिली तीन वर्षं गुणी पोरासारखं वागलं आणि मग जे सुटलं ते कशानेच धरता आलं नाही. माणूस बुरशीला घाबरतो कारण ती पहिल्याच पावसात दिसते. पापुद्र्याला घाबरत नाही, कारण तोवर दुकानदाराची पावतीही हरवलेली असते.

त्यानंतर बुरशी फक्त एकदा, तीही मागच्या सीटखाली आली. बुरशीला साधारण 70 टक्क्यांच्या वर टिकून राहिलेली आर्द्रता लागते, म्हणजे गाडी उघडी-बंद होत राहिली तर तिला सवड मिळत नाही. मी पावसात इतकंच करतो: दर तीन-चार दिवसांनी गाडी जायची नसली तरी वीस मिनिटं एसी लावून चालू ठेवतो, एसी हवा कोरडी करतो. ओली छत्री, रेनकोट आत सोडत नाही. पायाखालचे मॅट पडवीत वाळत घालतो, कारण ओल बहुतेक वेळा खालून चढते. ओल शोषणारे ते पाण्याने भरत जाणारे डबे सीटवर ठेवू नका. त्यातलं खारट पाणी सांडलं तर लेदर आखडतं.

आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत सीटाही धरायच्या. लोणची, पापड, कौलं शाकारणं आणि त्यात अर्धा दिवस गाडी. आपली लाल माती कणीदार असते, ती शिलाईत बसून कानशीसारखी घासते. म्हणून आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढायची, मग फडकं. घाम आणि खारा वारा यांचं मीठ सीटवर बसतं, ते ओल ओढतं, त्यामुळे ड्रायव्हरची सीट महिन्यातून दोनदा तरी पुसावी. लेदर मऊ ठेवणारा कंडिशनर वर्षातून दोनदा पुरे, मेच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, तोही फडक्यावर घेऊन, सीटवर ओतून नाही. हवा खेळणाऱ्या, भोकांच्या सीटा असतील तर हे दुप्पट पाळा, भोकं बुजली की मागचा पंखा नुसताच गुरगुरतो.

उन्हाळ्याचा मुद्दा लेदरच्या विरोधात जातो, हे कबूल करायलाच हवं. भर दुपारी बाजारात उभी केलेली गाडी, मुलं हाफपँटमध्ये, आणि पहिली किंकाळी. लेदर तापतं, लेदरेटही तापतं, त्यात डावंउजवं करण्यासारखं मला काही जाणवलं नाही. पाठ मात्र लेदरवर किंचित कमी भिजते असं वाटतं. मनाचे खेळ असतील. काचेला पडदा आणि सीटवर सुती पंचा, याहून मोठा उपाय मला सापडलेला नाही. गडद फिल्म लावायचा मोह होतो, पण पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायलाच हवा असा नियम आहे, तेव्हा हातखंब्याला पोलीस उभे असतात हे लक्षात ठेवा. झाडाखाली लावाल तर आंब्याखाली मोहोराच्या दिवसांत नको. तुडतुड्यांचा चिकटा काचेवरून निघता निघत नाही.

रंगाबद्दल एकच. बेज घेऊ नका. पहिल्या पावसात भिजलेल्या जीन्सचा निळा रंग त्यावर कायमचा उतरतो. काळा तापतो. जांभ्या दगडाच्या आसपासचा तपकिरी मिळाला तर आपली माती त्यात अर्धी लपून जाते.

डीलरकडची गाडी खरी लेदरची आहे का, हे भाच्याने मला व्हिडिओवर दाखवलं. सीटच्या मागच्या बाजूची चेन उघडून आतली बाजू बघायला सांगितली. तंतूदार, मखमलीसारखी असेल तर कातडं, विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट. पण बघायचं ते टेकण्याच्या मधल्या भागाचं, कारण बहुतेक गाड्यांत बाजू आणि पाठ कृत्रिमच असते. अंगठ्याने दाबल्यावर बारीक सुरकुत्या अंगठ्याभोवती पसरल्या. खरं होतं. कापडी गाडीवर फुकट कव्हर घेऊ नकोस, असंही सांगितलं, आणि घेतलंसच तर सीटमधल्या एअरबॅगसाठी बाजूची शिलाई सुटणारी आहे का ते विचार. डीलरला प्रश्नच कळला नाही म्हणे.

त्याने अजून ठरवलेलं नाही. त्याची एक अडचण खरी आहे: तो जूनपासून दोन महिने कामासाठी पुण्याला असतो आणि गाडी घरी बंद राहते. कोणी दार उघडणारं नसेल तर माझा सगळा युक्तिवाद पाण्यात. मी त्याला म्हटलं, ताईला एसी चालू करायला शिकव.

माझ्या गाडीची परवा ड्रायव्हर सीटची उजवी कड उसवली, चढता-उतरता घासते तिथे. कातडं शाबूत आहे, दोरा कुजला. चिपळूणच्या कुशनवाल्याने नायलॉनचा दोरा घालून वीतभर शिलाई परत मारून दिली. रंग थोडा वेगळा दिसतो.