दाणे साठवणाऱ्या मुंग्या पाळताना: मेसॉर की पोगोनोमिर्मेक्स?

दाणे साठवणाऱ्या मुंग्यांची वसाहत पाळायची ठरवली, की निवड बहुधा दोन प्रजातींपाशी येऊन थांबते: एक भूमध्य सागराच्या परिसरातील मेसॉर आणि दुसरी अमेरिका खंडातील पोगोनोमिर्मेक्स.

नवख्याने मेसॉर बार्बारस ही जाती निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची राणी परीक्षानळीत, बाहेरून अन्नाचा कणही न घेता, अंगातील साठ्यावर पहिल्या कामकरी मुंग्या वाढवते. तोवर तिला पाणी, अंधार आणि शांतता एवढेच पुरते. पुढे वसाहत मोठी झाली, की इवल्याशा कामकऱ्यांबरोबर प्रचंड डोक्याच्या मुंग्याही दिसू लागतात. दाणा जबड्यात धरून त्याचे टरफल फोडणे आणि आतला गर चावून त्याचा लगदा करणे, हे त्यांचे काम तासन्‌तास पाहावे असे आहे.

पोगोनोमिर्मेक्सचे आकर्षणही कमी नाही. मात्र तिचा दंश अतिशय वेदनादायक असतो आणि मारिकोपा या जातीचे विष तर ज्ञात कीटकविषांतील अत्यंत जहाल विषांपैकी एक मानले जाते. शिवाय कॅलिफॉर्निकस जातीच्या राणीला सुरुवातीपासूनच दाणे पुरवावे लागतात. तिला ऊबही अधिक लागते.

घराच्या बाबतीत दोघींची गरज सारखीच आहे: अळ्यांसाठी ओलसर कप्पा आणि कोठारासाठी कोरडा, कारण ओल लागलेल्या दाण्यांना मोड येतात किंवा बुरशी धरते. मेसॉर मात्र मऊ प्लॅस्टर कुरतडते, म्हणून तिच्यासाठी कठीण साहित्याचे घर घ्यावे.