फ्लॅग की टॅकल? आधी डोक्याचा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी घरांत उन्हाळा सरत आला की प्रश्न निघतो: मुलाला अमेरिकन फुटबॉल खेळायचंय, फ्लॅगला घालू की टॅकलला?

फ्लॅगमध्ये बहुधा पाच-पाच जण असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याची फीत ओढली की चाल संपली. अंगावर जाणं, ब्लॉक करणं नियमातच बसत नाही. तरी आपटाआपटी होतेच: दोघं एकाच पासवर झेपावतात, फितीसाठी वाकलेल्याच्या कपाळाला समोरच्याचा गुडघा लागतो. म्हणून माउथगार्ड (दातांवरचं संरक्षक कवच) हवाच.

टॅकलमध्ये चेंडूवाल्याला अंगाने भिडून पाडायचं, धडक हाच खेळ. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने 6 ते 14 वयाच्या मुलांच्या माउथगार्डमध्ये सेन्सर बसवून मोजलं. हंगामभरात डोक्याला बसलेल्या आघातांचा मध्यक टॅकलमध्ये 378, फ्लॅगमध्ये 8. प्रत्येक आघात म्हणजे कन्कशन (धक्क्याने मेंदूला होणारी इजा) नव्हे, पण तफावत बोलकी आहे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मान खाली घालून हेल्मेटच्या टाळूने धडक देणं. मान साधारण 30 अंश पुढे झुकली की मणक्याची नैसर्गिक कमान सरळ होते आणि धक्का जिरवायला वावच उरत नाही. मणके एकमेकांवर दाबले जातात. हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही. आतला मेंदू हलायचा तो हलतोच. नजर वर, डोकं बाजूला, खांद्याने भिडायचं, हे आधी अंगवळणी पडायला हवं.

अशा धडकेला शिक्षा सगळीकडे सारखी नाही. हायस्कूलमध्ये टार्गेटिंगला, म्हणजे डोक्या-मानेवर नेम धरून धडकण्याला, संघाला 15 यार्डांचा दंड. बाहेर काढायचं का, ते पंचावर. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्येही 2018 पासून डोकं खाली घालून धडकण्याला 15 यार्ड, हकालपट्टी मात्र गंभीर प्रकरणातच. कॉलेजात 2013 पासून 15 यार्ड आणि थेट बाहेर, रिप्लेत पक्कं झालं तर. 2025 पर्यंत दुसऱ्या हाफमध्ये घडलं तर सहसा पुढच्या सामन्याचा पहिला हाफही जायचा. धाक कॉलेजच्या नियमाचाच. यार्डांचा भुर्दंड सगळ्या संघावर पडतो, बाकावर मात्र चुकणाराच बसतो.

पण लहान मुलांच्या बाबतीत दंडापेक्षा सराव महत्त्वाचा, कारण आठवड्यातले बरेच दिवस त्यातच जातात. कॅलिफोर्नियात 2021 पासून युथ फुटबॉलला पूर्ण धडकेचा सराव आठवड्यात दोनच दिवस, दिवसाला 30 मिनिटं. तुमच्या राज्यात असा कायदा नसला तर कोचला आकडा विचारा. ‘बघतो आम्ही’ हे उत्तर नव्हे.

आमचं मत: चौदापर्यंत फ्लॅग. पास, धाव, बचावाची जागा, सगळं त्यात शिकता येतं. पुढे टॅकलला जाताना हेल्मेटवर नॉक्सी (NOCSAE) या सुरक्षा-मानकाची खूण आहे का आणि शेवटचं रीकंडिशनिंग (तपासणी-दुरुस्ती) कधी झालं ते पाहा. हेल्मेटची कड भुवयांच्या इंचभर वर बसावी आणि हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडीही सोबत हलावी. कन्कशनची शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. नंतर डॉक्टरांच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने परतायचं, प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास. डोकं दुखायला लागलं की एक टप्पा मागे.