कुटुंब निवृत्तिवेतन : आधार भक्कम, पण मोजमाप अपुरे

केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले माझे बाबा २०२४ च्या एप्रिल महिन्यात वयाच्या ७१ व्या वर्षी वारले. तेव्हापासून आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची सगळी कागदपत्रे मीच सांभाळतो. मागे राहिलेल्या जोडीदाराला ही व्यवस्था न्याय देते का, याबद्दल माझे मत असे झाले आहे की ती निराधार कोणालाही करत नाही, परंतु उतारवयात एकटे पडलेल्या माणसाच्या गरजेचे तिचे मोजमाप चुकलेले आहे.

आधी हिशोब पाहू. शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये असेल, तर निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे, म्हणजे ३०,००० रुपये बसते. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र साधारण दराने ३० टक्के, म्हणजे १८,००० रुपये. महागाईची वाढही याच रकमेवर मिळते. बाबा गेले तेव्हा ती ५० टक्के होती. म्हणजे या उदाहरणातल्या घरात ४५,००० रुपयांच्या जागी एकदम २७,००० रुपये येऊ लागतात. आई रोजचा खर्च वहीत लिहिते. त्या महिन्यानंतरच्या पानांवर दूध एक लिटरचे अर्धा लिटर झाले आणि बाबांच्या औषधांची ओळ गेली. सोसायटीची देखभाल, विजेचे बिल, धुण्याभांड्याच्या बाईंचा पगार आणि आईची स्वतःची औषधे यांत काहीही फरक पडला नाही. दोन माणसांच्या घरातले एक माणूस गेले म्हणून घराचा खर्च तीन पंचमांशावर येत नाही, हे ती वही पाहिल्यावर वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

नियमात वाढीव दराची सोय आहे, हे खरे. कर्मचारी सेवेत असताना दगावला, तर कुटुंबाला १० वर्षे ५० टक्के दराने रक्कम मिळते. निवृत्तीनंतर मृत्यू झाला, तर वाढीव दर ७ वर्षे किंवा मृत व्यक्ती ६७ वर्षांची झाली असती त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच मिळतो. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. निवृत्त माणूस ६७ वर्षे ओलांडून गेला, तर त्याच्या पत्नीला वाढीव दराचा एक महिनाही मिळत नाही. लहान मुले पदरात असलेल्या तरुण विधवेला १० वर्षांचे संरक्षण दिले, ते योग्यच आहे. पण जिला आता नोकरी मिळणार नाही, जिचे गुडघे धरले आहेत, तिची रक्कम पहिल्याच महिन्यापासून कमी करण्यामागे कोणता विचार आहे, ते मला समजलेले नाही. वयाच्या ८० व्या वर्षी मूळ रकमेत २० टक्के वाढ होते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढत जाऊन शंभरीला दुप्पट होते. आई आता ६८ वर्षांची आहे. मधल्या १२ वर्षांसाठी महागाईच्या वाढीपलीकडे काही नाही.

जमेच्या बाजूही मोठ्या आहेत आणि त्या मनापासून सांगाव्यात अशाच आहेत. निवृत्तीच्या वेळी केलेल्या अंशराशीकरणाची (निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेण्याची) कपात कुटुंब निवृत्तिवेतनातून होत नाही. जोडीदाराचे स्वतःचे निवृत्तिवेतन असले, तरी हे दुसरे बंद होत नाही. विधुर पतीलाही हाच हक्क आहे. मूल नसलेल्या विधवेने पुनर्विवाह केला, तरी इतर उत्पन्नाच्या मर्यादेत तिची रक्कम चालू राहते. किमान रक्कम ९,००० रुपये आहे आणि तीवरही महागाईची वाढ मिळते. खासगी क्षेत्रातल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतल्या विधवांना मिळणाऱ्या १,००० रुपयांच्या किमान रकमेशेजारी ठेवले, की या तरतुदीचे मोल कळते.

प्रत्यक्ष सेवेचा अनुभव मात्र मनाला लागला. आईबाबांचे संयुक्त खाते होते आणि पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशावर, आईचे नाव होते. अशा वेळी मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, वयाचा पुरावा आणि हमीपत्र एवढ्यावर काम व्हायला हवे. नवीन खाते उघडायला सांगू नये, अशी स्पष्ट सूचना आहे. तरीही बँकेच्या शाखेने आधी नवीन खाते मागितले, नंतर पीपीओवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांतला एका अक्षराचा फरक दाखवून अर्ज परत केला. पहिली रक्कम जमा व्हायला तीन महिने लागले. थकबाकी पूर्ण मिळाली, पण त्या तीन महिन्यांत आईने मुलांपुढे हात पसरावे लागतात की काय या काळजीने कितीतरी रात्री जागून काढल्या.

प्राप्तिकरातही भेद आहे. नव्या कररचनेत निवृत्त व्यक्तीला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनावर मात्र रकमेचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढीच. पैसा त्याच सेवेचा, घरही तेच.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत हे प्रमाण बदलण्याची संधी होती, पण तिथेही जोडीदाराचा वाटा निवृत्तिवेतनाच्या ६० टक्केच ठेवला गेला. मृत व्यक्तीचे वय काहीही असो, मृत्यूनंतरची पहिली ७ वर्षे वाढीव दर द्यावा, एवढी एक दुरुस्ती झाली तरी आईसारख्या असंख्य स्त्रियांना हा धक्का सोसण्याइतका वेळ मिळेल.

ज्यांचे आईवडील दोघेही हयात आहेत, त्यांनी आजच पीपीओ काढून जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख तपासावी. आमच्या पीपीओवर आईची जन्मतारीखच नव्हती, आणि ती नसेल तर ८० व्या वर्षीची वाढ आपोआप लागू होत नाही. शाखेत पुन्हा अर्ज देऊन आम्ही ती नोंदवून घेतली आहे. पोचपावतीची प्रत आईने खर्चाच्या वहीतच घडी करून ठेवली आहे.