कच्छच्या छोट्या रणातील जीप सफर

मोले आणि कोटीगावच्या दाट रानात प्राण्यांच्या चाहुलीवरच समाधान मानणाऱ्या आम्हा गोमंतकीयांना गुजरातमधील घुडखर (म्हणजे रानगाढव) अभयारण्य अगदी निराळा अनुभव देते. सुमारे ४,९५० चौरस किलोमीटरच्या या सपाट, भेगाळलेल्या प्रदेशात नजर अडवणारे फारसे काही नाही. बजाणा बाजूने पहाटे निघालेल्या उघड्या जीपमधून रानगाढवांचा कळप नीट न्याहाळता आला: फिकट तांबूस अंग, पांढरे पोट, पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेला गडद पट्टा आणि आईच्या आडोशाला उभे असलेले एक शिंगरू. पावसाळ्यात हेच रण पाण्याखाली जाते आणि जनावरे ‘बेट’ म्हणवणाऱ्या उंचवट्यांवर आसरा घेतात, हे वाटाड्याने फार आपुलकीने समजावून सांगितले.

पाणथळीतील रोहित पक्ष्यांसाठी दुर्बीण हवीच. आपल्याकडील मिठागरांत भरतीचे पाणी घेतात, तर येथे अगरिया कुटुंबे जमिनीखालचे खारे पाणी उपसून मीठ पिकवतात. ते काम पाहण्यासाठी अवश्य वेळ राखून ठेवावा.

सायंकाळच्या फेरीत मात्र चालकाने छायाचित्रांसाठी जीप कळपामागे पळवली, आणि आम्ही ठामपणे सांगितल्यावरच ती थांबवली. मुक्या जनावरांना असे धावडवणे अक्षम्य आहे, म्हणून नोंदणी करतानाच याबाबत स्पष्ट बजावावे. अभयारण्य पावसाळ्यात बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, परंतु पहाटेच्या थंडीची गोव्यात राहून कल्पना येत नाही, तेव्हा जाड स्वेटर आणि कानटोपी सोबत न्यावी.