मानपाडा ते महापे: एकट्याची गाडी, लोकल, बस की चौघांत एक गाडी?

भाच्याला नवी मुंबईत महापेला नोकरी लागली. पेढे द्यायला आला तोच मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती उघडून. "मावशी, चार लाखांत मिळतेय. घेऊन टाकू? रोजची कटकट मिटेल." तो राहतो ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मानपाड्याला, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी गेली बारा वर्षं याच वाटेवर आहे, आधी ऐरोलीला, आता घणसोलीला. या बारा वर्षांत एकटीने गाडी चालवून झाली, लोकल झाली, बस झाली, शेजाऱ्यांबरोबर एका गाडीतून जाऊन झालं आणि त्यापायी एक भांडणही झालं. म्हणून त्याला म्हटलं, गाडी घे नाहीतर नको घेऊस, आधी वही आण.

घोडबंदर रोडला घर आणि ठाणे-बेलापूर रोडला नोकरी, अशी पुष्कळ मंडळी आहेत, म्हणून तोच हिशेब इथे मांडते. आकडे ढोबळ आहेत. तुमचं घर वाघबीळला किंवा ढोकाळीला असेल तर थोडे इकडेतिकडे होतील.

एकट्याची गाडी

एका बाजूचं अंतर साधारण 20 किलोमीटर, म्हणजे दिवसाला 40. गर्दीत गाडी लिटरला 12 किलोमीटर देते असं धरा (कंपनीच्या जाहिरातीतला आकडा सोडून द्या, तो माजिवड्याच्या सिग्नलला उभा राहिलेला नाही). पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. 104 धरलं तर रोजचे साडेतीनशे रुपये. महिन्याला 22 दिवस कामाचे, म्हणजे साडेसात-पावणेआठ हजार. यात हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि क्लचवर सतत पाय ठेवल्याने दुखणारा डावा गुडघा धरलेला नाही.

रस्ते दोन. एक कळवा पूल, विटावा, दिघा करत जाणारा. विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं आणि मग मागे कळवा नाक्यापर्यंत सगळं जाम. दुसरा पूर्व द्रुतगती महामार्गावरून मुलुंड-ऐरोली पुलावर जाणारा. तिथला टोल हलक्या वाहनांना 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून माफ झाला. टोल गेला, रांग मात्र राहिली. शिवाय दोन्ही रस्त्यांना लागण्याआधी घोडबंदर रोड आहेच. गुजरातकडून जेएनपीटी बंदराला जाणारे कंटेनर, मेट्रोचे खांब, आणि एकेका माणसाला घेऊन निघालेल्या आपल्या गाड्या.

माझी खरी तक्रार वेळ जास्त लागतो ही नाही, वेळेचा भरवसा नाही ही आहे. तोच रस्ता मी 50 मिनिटांत केलाय आणि पावणेदोन तासांतही. साडेनऊची मीटिंग असेल तर पावणेदोन तास धरूनच निघावं लागतं. मग ज्या दिवशी रस्ता मोकळा मिळतो त्या दिवशी ऑफिसच्या खाली गाडीत बसून डबा खायचा.

गाडीचे फायदे खोटे नाहीत. आईला डॉक्टरकडे न्यायचंय, मुलाला वाटेत क्लासला सोडायचंय, रात्री अकराला सुटणार आहे, लॅपटॉपशिवाय आणखी सामान आहे, अशा दिवशी गाडीला तोड नाही. पण असे दिवस महिन्यात किती येतात हे भाच्याला मोजायला लावलं. चार निघाले.

लोकल स्वस्त, स्टेशन महाग

ठाण्याचं आणि रेल्वेचं नातं 16 एप्रिल 1853 पासूनचं, बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच आली होती. पण आपल्या कामाची लाइन तरुण आहे. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर सुरू झाली 2004 मध्ये. ठाण्याहून दिघा गाव (हे स्टेशन जानेवारी 2024 मध्ये उघडलं), ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तिथून एक फाटा सानपाडा-वाशीला आणि दुसरा जुईनगर, नेरूळ करत पनवेलकडे. म्हणजे ठाणे-बेलापूर रोडवरची बहुतेक ऑफिसं या लाइनच्या आसपासच आहेत. ऐरोलीचं माइंडस्पेस हे ऑफिसांचं संकुल तर स्टेशनालगतच.

घणसोलीपर्यंत गाडीत पाऊण तास वगैरे जात नाही, वीसेक मिनिटांत माणूस पोचतो. सेकंड क्लासचा महिन्याचा पास दोन दिवसांच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतो. तिमाही काढला तर आणखी फायदा आणि रांगेची कटकटही कमी.

मग अडतं कुठे? मानपाडा ते ठाणे स्टेशन. हे 6 किलोमीटर धरा. फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 26 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. मीटरने एका खेपेला शंभराच्या वर. जाऊन-येऊन दोनशे, महिन्याला साडेचार हजार! लोकलने जाऊन पैसे वाचतात म्हणणाऱ्या कितीतरी जणांचे पैसे स्टेशनपर्यंतच संपतात, आणि मग ते म्हणतात, "छे, त्यापेक्षा गाडीच बरी." भाच्याचा हिशेबही इथेच फसला होता. त्याने रोजची मीटरची रिक्षा धरली होती.

म्हणून लोकलचा विचार करताना पास किती हे नंतर बघा. आधी घरापासून स्टेशनला आणि स्टेशनापासून ऑफिसला कसं जाणार ते ठरवा. सॅटिसवर (ठाणे स्टेशनाबाहेरच्या उंच बसतळावर) उतरवणारी टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची बस किंवा शेअर रिक्षा, यांतलं एक तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वेळेवर मिळत असेल तर लोकलला तोड नाही. दोन्हीसाठी आधी दुसरी रिक्षा करावी लागत असेल तर मग विचार करा. स्कूटर स्टेशनाजवळ लावणं हा तिसरा मार्ग. तो मी वर्षभर केला. साडेआठपर्यंत पोचलं तर जागा, त्यानंतर नशीब.

दुसरं टोक ऑफिसवर अवलंबून. माइंडस्पेसवाल्यांनी पुढचं वाचूच नये, त्यांनी सरळ पास काढावा. महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कला मात्र घणसोलीहून किंवा कोपरखैरणेहून रिक्षा नाहीतर एनएमएमटीची (नवी मुंबई पालिकेची) बस लागते, म्हणजे आणखी 10-15 मिनिटं आणि थोडे पैसे.

गर्दीबद्दल खोटं कशाला सांगू. सकाळी कल्याण-डोंबिवलीकडून आलेला लोंढा पूल चढून आपल्याच फलाटांवर उतरतो. त्यांचं ठाण्याला गाडी बदलणं टाळायला कळवा-ऐरोली उन्नत मार्ग व्हायचा होता, त्याची वाट बघतोय. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: वाशी-पनवेलच्या गाड्या ठाण्याहूनच सुटतात. बसायचं असेल तर भरलेली गाडी सोडा, पुढची लागेपर्यंत रांगेत पुढे सरका. ठाण्याचे 10 आणि 10ए हे एकाच रुळाच्या दोन बाजूंचे फलाट आहेत, दोन्हीकडून माणसं चढतात, हे नवख्याला माहीत नसतं आणि तो दारात चेंगरतो. संध्याकाळी परतताना घणसोलीला सीट मिळणं मुश्कील, उभं राहायची तयारी हवी. मेन लाइनची (कल्याण-ठाणे-मुंबई) गर्दी ही वेगळी गोष्ट. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसं पडून गेली, ते आठवलं की ऑफिस परळ-दादरला असलेल्या माणसाला "लोकलने जा" असं मी सहज सांगत नाही, निदान आठ ते दहाच्या मध्ये तरी नाही.

रविवारी कामावर जावं लागणाऱ्यांनी मेगाब्लॉकचं (दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात त्याचं) वेळापत्रक शनिवारीच बघावं. एवढं सांगून पुढे जाते.

बस

थेट बसने जाण्याचा प्रयोग मी तीन महिने केला. सीट मिळते, झोप होते, पुस्तक वाचून होतं. पण बस त्याच गर्दीत उभी असते जिथे तुमची गाडी उभी राहिली असती, म्हणून वेळ वाचत नाही. ज्याला पायरी चढणं-उतरणं, पूल ओलांडणं जड जातं त्याच्यासाठी बस चांगली. मुलुंडला राहणाऱ्यांसाठी तर ऐरोली पुलावरची बस लोकलपेक्षाही सोयीची. आपल्या मानपाड्याहून मात्र बस स्टेशनपर्यंतच कामाची, असं माझं मत.

चौघांत एक गाडी

भाच्याला हाच पर्याय सगळ्यात कमी माहीत होता.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एकदा टाकलं: सकाळी सव्वाआठला ऐरोली-घणसोलीकडे कोण जातं? सात जणांचे हात वर. त्यातले पाच रोज एकेकटे, एकाच गेटमधून, पंधरा मिनिटांच्या आत बाहेर पडत होते! आठ वर्षं शेजारी राहून आम्हाला हे ठाऊक नव्हतं. चौघांनी ठरवलं, तर साडेतीनशेच्या पेट्रोलचे माणशी नव्वदच्या आत आले.

पहिला प्रयत्न दीड महिन्यात मोडला. त्यात पैशांचा काहीच दोष नव्हता. एक जण रोज "दोन मिनिटांत खाली आलो" म्हणायचा आणि ती दोन मिनिटं आंघोळीपासून मोजायचा. एक दिवस मी त्याला सोडून निघाले आणि पुढे महिनाभर लिफ्टमध्ये कोणी बोललं नाही.

दुसऱ्या खेपेला नियम आधी ठरवले. सव्वाआठला गाडी गेटवरून निघते, कोणासाठी थांबत नाही, आणि गेली तर राग धरायचा नाही. प्रत्येकाची गाडी आळीपाळीने एकेक आठवडा, म्हणजे पैशांची देवाणघेवाणच नको. गाडीत फोनवर मीटिंग घ्यायची नाही. गाणी कोणाची हा वाद अजून मिटलेला नाही. संध्याकाळचं बंधन ठेवलं नाही, जाताना एकत्र, येताना ज्याला जसं जमेल तसं. पावणेसहाला सुटणारी गाडीत येते, बाकीचे लोकलने. बहुतेक ग्रुप येतानाच्या वेळेवर मोडतात, म्हणून ही मोकळीक ठेवा.

ज्याच्याकडे गाडी नाही त्याने पेट्रोलचा वाटा द्यावा, तेवढंच. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीवर भाड्याचा धंदा करू नका. अॅपवरून अनोळखी माणसं घेऊन पैसे घ्यायचे असतील तर त्याला राज्य सरकारचे अॅग्रिगेटरचे (अॅपवरून प्रवासी आणि गाड्या जुळवणाऱ्या कंपन्यांचे) नियम आहेत, 2025 मध्ये मंत्रिमंडळाने या धोरणाला मंजुरी दिली. ओळखीच्या चौघांचं गणित सोपं, ते तसंच राहू द्या.

दुचाकी? आठ किलोमीटरच्या आत असेल तर हो. पावसात, कंटेनरांच्या मधून वीस किलोमीटर, त्याला मी आत्या-मावशी म्हणून नाहीच म्हणणार.

ऑफिसकडे काय मागायचं

नोकरीच्या पहिल्या महिन्यात एचआर तुमचं ऐकतं, तेव्हाच विचारून घ्या. कंपनीची बस किंवा स्टेशनपर्यंतची शटल आहे का? अर्धा तास लवकर येऊन लवकर जाता येईल का? साडेआठला निघणं आणि आठला निघणं यात कापूरबावडीला वीस मिनिटांचा फरक पडतो.

रात्री उशीर झाला तर टॅक्सीचं बिल कंपनी देईल का, हेही विचारा. पुष्कळ जण गाडी नेतात ती रोजच्यासाठी नाही, "एखाद दिवशी अडकलो तर" या भीतीने. ती भीती एका टॅक्सीच्या बिलाने जाते. मुलींनी तर हे आधी विचारावं: महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची व्यवस्था करावी लागते. ही कोणाची मेहेरबानी नाही.

आणि पार्किंग. फुकट दिलेली जागा फुकट नसते, कंपनी तिचं भाडं भरते. कॅलिफोर्नियात 1992 च्या कायद्याने काही कंपन्यांना सांगितलं की कर्मचाऱ्याला जागा नको असेल तर तिचे पैसे त्याला द्या. आपल्याकडे असा कायदा नाही, पण "मी पार्किंग घेत नाही, पासाचे पैसे द्या" असं विचारायला हरकत काय? माझ्या ऑफिसने निम्मे दिले.

मग काय ठरलं

मेट्रोसाठी थांबायचं का, हे भाच्याने विचारलंच. मेट्रो 4 ची गायमुखकडून चाचणी धाव सप्टेंबर 2025 मध्ये झाली, ठाण्याच्या 29 किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राची मंजुरी ऑगस्ट 2024 मध्ये मिळाली. दोन्ही घोडबंदरवाल्यांच्या फायद्याचं. पण चार लाखांचा निर्णय आजच्या रस्त्यावर घ्यावा, उद्याच्या खांबांवर नाही.

पाचही दिवस एकच साधन हवं हा हट्ट त्याने सोडला. सोमवार ते गुरुवार सकाळी आमच्या गाडीत पाचवा (मागे तिघं, माझ्या पर्सला मांडीवर जागा), येताना कोपरखैरणेहून लोकल आणि ठाण्याहून शेअर रिक्षा. शुक्रवारी घरून काम. त्या चार अडलेल्या दिवसांसाठी ओला नाहीतर माझी गाडी, पेट्रोल भरून परत द्यायच्या अटीवर.

तुम्ही ठरवत असाल तर आठवडाभर प्रत्येक प्रकार एक-एक दिवस करून बघा आणि घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतची वेळ लिहा, नुसती गाडीतली नव्हे. फक्त हे मे महिन्यात करू नका. शाळा बंद असतात, अर्धं ठाणं गावाला गेलेलं असतं आणि घोडबंदर रोड असा काही दिसतो की माणूस त्याच संध्याकाळी शोरूममध्ये जाऊन बसतो.