गेरू फासलेल्या टोकांनी मला 78,900 रुपयांना बुडवले

गेली 19 वर्षे मी रंधा आणि पटाशीने हातानेच फर्निचर घडवत आलो आहे. आपल्याला लाकूड हाताला कळते, हा माझा अभिमान होता आणि नेमका तोच जुने लाकूड विकणाऱ्या एका वखारवाल्याने वापरला. पुण्याच्या पेठेतील पाडलेल्या वाड्याचे शंभर वर्षांचे सागवान म्हणून त्याने मला 22 घनफूट माल 3,400 रुपये भावाने, म्हणजे 74,800 रुपयांना विकला. त्यावर टेम्पोचे 3,500 आणि हमालीचे 600 गेले. विसार म्हणून 20,000 यूपीआयने दिले आणि उरलेले 54,800 माल भरताना रोख दिले, कारण बिल केले तर जीएसटी पडेल असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. बिलाशिवाय एक फळीही उचलू नका.

वखारीत मी स्वतःचा रंधा घेऊन गेलो होतो. त्याने पुढे केलेल्या फळीवर दोन हात मारताच सोनेरी-तपकिरी रंग, तेलकट स्पर्श आणि कातड्यासारखा ओळखीचा वास आला. ती फळी अस्सलच होती. रंधा माझा होता, फळी मात्र त्याने निवडलेली होती. खालच्या थप्पीतील प्रत्येक फळीची टोके गेरूने माखलेली दिसत होती. मी विचारले, तर म्हणाला, "चिरा पडू नयेत म्हणून लावतो, मिस्त्री." टोके बंद करतात ती ओल्या लाकडाची, शंभर वर्षे वाळलेल्या तुळईला त्याची गरजच काय, हे मी शिकाऊ मुलांना स्वतः सांगतो, त्या संध्याकाळी मात्र पाऊस होता, वीज गेली होती, टेम्पोवाला घाई करत होता आणि झोपाळ्याचे गिऱ्हाईक पंधरा दिवस थांबले होते. टोक तासून गेरूखालची वर्षवलये, म्हणजे झाडाचे वय सांगणारी वर्तुळे, पाहायला एक मिनिट पुरले असते.

घरी रंध्याखाली रंग निघाला आणि आतून कोवळ्या झाडाचे पांढरट, ओलसर लाकूड निघाले. फर्निचरला साधारण 8 ते 12 टक्के ओलावा चालतो. मीटरने 26 दाखवला. खिळ्यांची भोके आतून कोरी होती. सागवानात लोखंड वर्षानुवर्षे राहिले की भोवती काळा डाग पडतोच, त्यामुळे ती भोके मुद्दाम पाडलेली होती. दोन आठवड्यांत फळ्यांना पीळ पडला आणि गिऱ्हाइकाचे 15,000 मला परत करावे लागले, ते वेगळेच.

पोलीस ठाण्यात सांगितले, "लाकूड मिळाले ना? मग दिवाणी दावा लावा." भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 मी वाचून दाखवले, तेव्हा वखार दुसऱ्या हद्दीत असल्याचे त्यांना आठवले, हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये असूनही. दुसऱ्या ठाण्याने अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. पोच न घेता उठू नका, ही चूकही माझीच. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पैसे मीच स्वखुशीने पाठवल्याचे मला ऐकवण्यात आले. वनविभागाच्या कार्यालयात तर आधी माझ्याच मालाची कागदपत्रे मागितली, म्हणजे लुटला गेलेला मी आणि संशयही माझ्यावरच.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करत आहे. एक फळी गेरूसकट पुरावा म्हणून भिंतीला टेकवून ठेवली असून, तिला रंधा लावू नका असे वकिलांनी बजावले आहे.