जुन्या डेस्कटॉपला आणखी हार्ड डिस्क जोडायच्या: डॉक, एचबीए की साधं साटा कार्ड?

माझा डेस्कटॉप २०१३ सालचा. एच६१ चिपसेटचा बोर्ड, आय५-३४७० प्रोसेसर, १६ जीबी रॅम. फोटो निवडायला, थोडंफार एडिटिंग करायला तो मला आजही पुरतो, त्यामुळे नवा घ्यावा असं कधी वाटलं नाही. अडचण एकच होती. बोर्डावर साटाची, म्हणजे आतल्या डिस्का जोडायची, चारच पोर्ट. एकावर विंडोजचा एसएसडी, एकावर डीव्हीडी रायटर, उरलेल्या दोनांवर डिस्का. मी ऐरोलीत राहतो आणि नोव्हेंबर ते मे जमेल त्या सकाळी ठाणे खाडीवर असतो. रोहित पक्ष्यांच्या एका बोटफेरीत सात-आठशे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइली सहज होतात. एक फाइल २५ एमबीची धरली तरी एका सकाळीच वीस जीबी. दोन डिस्का भरायला किती हंगाम लागणार!

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची तीन उत्तरं माझी वापरून किंवा जवळून पाहून झाली: यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून खोचायची खोबण), सर्व्हरमधून निघालेलं एचबीए कार्ड (सर्व्हरला बऱ्याच डिस्का जोडणारं) आणि बोर्डावरच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारं साधं साटा कार्ड. चौथं उत्तर, म्हणजे चार लहान डिस्का काढून एक मोठी घेणं, हेही खरं उत्तर आहे. ज्यांच्याकडे दुसरी प्रत वेगळी ठेवलेली आहे त्यांनी आधी तोच हिशेब करून पाहावा. माझ्या जुन्या डिस्का चांगल्या होत्या आणि मला त्या दुसऱ्या प्रतीसाठीच हव्या होत्या, म्हणून मी पोर्ट वाढवायच्या मागे लागलो. नासचा, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कांच्या डब्याचा, विचार मी सोडून दिला. नुसतं डबडंच माझ्या अख्ख्या कॉम्प्युटरच्या आजच्या किमतीपेक्षा महाग पडत होतं.

पहिल्यांदा डॉक घेतला, कारण कॅबिनेट उघडावं लागत नाही. डिस्क उभी खोचायची, मागे अ‍ॅडॉप्टर, पुढे केबल, झालं. एच६१ मध्ये मुळात यूएसबी ३ नाही. माझ्या बोर्डावर वेगळी चिप लावून मागे दोन निळी पोर्ट दिली आहेत, म्हणून वेगाची तक्रार नव्हती. ज्यांच्या बोर्डावर निळं पोर्टच नाही त्यांनी डॉकचा विचार इथेच थांबवावा असं मला वाटतं. यूएसबी २ वर सेकंदाला ३५-४० एमबी मिळतात, त्या वेगाने ३ टीबी उतरवायला जवळपास अख्खा दिवस जातो.

दोन वर्षं डॉक ठीक चालला. बारीक कुरबुरी होत्या. अर्धा तास हात लावला नाही की डिस्क झोपायची आणि फोल्डर उघडताना दहा सेकंद वाट पाहायला लावायची. कॉम्प्युटर यूपीएसवर, पण डॉकचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटवर. पावसाळ्यात वीज डोळा मिचकावून गेली की कॉम्प्युटर चालू आणि डिस्क मात्र मध्येच बंद. ही चूक अर्थात माझी, अ‍ॅडॉप्टरही यूपीएसवर घेतल्यावर ती संपली. अशा गोष्टींवरून मी डॉक नाकारला नसता.

ठरवलं ते पुढच्या प्रकाराने, आणि तो नीट सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

एका जूनमध्ये डॉकचा अ‍ॅडॉप्टर गेला. मला घाई होती, म्हणून ४ टीबीची डिस्क डॉकमधून काढली, डीव्हीडी रायटरची केबल सोडवली आणि ती डिस्क थेट बोर्डाला लावली. विंडोज सुरू झालं आणि समोर खिडकी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर ४ टीबीच्या डिस्कवर ४६५ जीबीचा एक तुकडा दिसत होता, तोही रॉ, म्हणजे विंडोजला न ओळखता आलेला. त्या डिस्कवर तीन हंगामांचे फोटो होते. दुसऱ्या प्रतीत त्यातले दोनच हंगाम होते. मी खिडकी बंद केली, कॉम्प्युटर बंद केला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून त्याच व्होल्टेजचा, त्याच पिनचा अ‍ॅडॉप्टर आणला. डिस्क परत डॉकमध्ये खोचली आणि सगळं जसंच्या तसं दिसलं. एकही फाइल गेली नव्हती. मग असं झालं का, हे शोधण्यात पुढचे दोन आठवडे गेले.

कारण असं. एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन टेबलात, म्हणजे डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि केवढे आहेत त्या नोंदीत, सेक्टरचा (डिस्कवरच्या लहानात लहान कप्प्याचा) क्रमांक ३२ बिटांत लिहितात. सेक्टर ५१२ बाइटचा असला तर तो हिशेब साधारण २ टीबीला संपतो. विंडोज एक्सपीला त्यापुढच्या डिस्का दिसाव्यात म्हणून काही डॉक आणि बाहेरच्या डब्यांमधली चिप कॉम्प्युटरला सांगते की इथला सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. आठपट मोठा सेक्टर, म्हणून आठपट मोठी मर्यादा. डिस्कला हे काही माहीत नसतं, मधली चिप दुभाष्यासारखी सगळे आकडे बदलून देत राहते. टेबलात लिहिलेले आकडे मात्र त्या मोठ्या सेक्टरच्या हिशेबातले. दुभाष्या काढून डिस्क थेट बोर्डाला लावली की बोर्ड तेच आकडे ५१२ ने वाचतो. पार्टिशन कुठे सुरू होतं तेही चुकतं आणि त्याचा आकार एक अष्टमांश दिसतो. माझे ४६५ जीबी तिथून आले: ३७२६ भागिले आठ.

सगळे डॉक असं करत नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. आजकालचे बरेच जण सेक्टर जसाच्या तसा पुढे देतात, आणि तुमचा तसा असेल तर तुम्हाला ही भीती नाही. तपासायलाही सोपं आहे. डिस्क डॉकमध्ये असताना सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, कंपोनंट्समध्ये स्टोरेज, त्यात डिस्क्स. तिथे बाइट्स पर सेक्टर समोर ५१२ असेल तर निश्चिंत राहा. ४०९६ असेल तर ती डिस्क बहुधा त्या डॉकशिवाय उघडणार नाही.

त्या दिवसापासून माझी अट एकच झाली. डिस्क इथून काढून कुठल्याही दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर ती उघडली पाहिजे. पुढचं सगळं मी याच अटीवर तोललं, म्हणून माझा कल कुठे झुकला तेही समजून घ्या.

वर्तकनगरला राहणारा माझा एक मित्र एचबीएवाला. त्याच्याकडे एलएसआय ९२११-८आय आहे, एसएएस २००८ चिपचं, सर्व्हरमधून काढलेलं जुनं कार्ड. दोन मोठे कनेक्टर, प्रत्येकातून चार केबली फुटतात, म्हणजे आठ डिस्का. हे कार्ड आयटी मोडच्या फर्मवेअरवर (कार्डातल्या सॉफ्टवेअरवर) असेल तर माझी अट पूर्ण होते, डिस्क जशी आहे तशी पुढे दिली जाते. आयआर मोडवर किंवा खऱ्या रेड कार्डावर (अनेक डिस्का एकत्र बांधून चालवणाऱ्या) मात्र कार्ड स्वतःचं काहीतरी डिस्कवर लिहू शकतं आणि मग आपण पुन्हा त्या दुभाष्याशी येऊन थांबतो. घेताना हा प्रश्न विचाराच. केबलही फॉरवर्ड ब्रेकआउट प्रकारची लागते. रिव्हर्स दिसायला तशीच असते, पण तिने डिस्क दिसत नाही.

दणकटपणात एचबीएला तोड नाही, हे मी मनापासून मान्य करतो. आठही डिस्का एकदम वाचायला लावल्या तरी ते दमत नाही. पण ते सर्व्हरच्या वाऱ्यात राहायला बनवलेलं आहे. तिथे समोरचे पंखे सतत जोराने हवा फेकतात. आपल्या कॅबिनेटमध्ये मागे एक पंखा, तोही धुळीने भरलेला. मे महिन्यात मित्राच्या कार्डाच्या हीटसिंकला मी बोट लावलं आणि लगेच काढलं. त्याने मग वर छोटा पंखा बांधला. शिवाय कॉम्प्युटर सुरू होताना कार्ड आधी स्वतःच्या डिस्का मोजत बसतं, तो वेळ वेगळा. सहा-आठ डिस्का, झेडएफएस (अनेक डिस्का एकत्र सांभाळणारी फाइल-व्यवस्था), चोवीस तास चालू मशीन असा संसार असेल तर मी एचबीएच सुचवीन. मला चार डिस्का वाढवायच्या होत्या.

आता साधं साटा कार्ड. इथे चिप बघून घ्यायचं, पोर्टांची संख्या बघून नाही. एक्स१ स्लॉटमध्ये (डेटाची एकच वाट, म्हणजे लेन, असलेल्या आखूड स्लॉटमध्ये) बसणारी दहा-वीस पोर्टांची कार्डं मिळतात. त्यांत एका चिपमागे पोर्ट मल्टिप्लायर लावलेले असतात, एकाच वाटेवरून सगळ्यांनी जायचं. एक डिस्क आजारी पडली की तिच्याबरोबर त्या वाटेवरच्या बाकीच्याही अडकतात. मी अशा कार्डांच्या वाटेला गेलो नाही आणि तुम्हीही जाऊ नये असं सुचवतो. मल्टिप्लायरशिवाय थेट पोर्ट देणाऱ्या चिपा मोजक्या आहेत: एएसमीडियाची एएसएम १०६४ चार पोर्ट देते, एएसएम ११६६ सहा, जेमायक्रॉनची जेएमबी ५८५ पाच.

मी एएसएम ११६६ चं घेतलं. त्यासाठी ऐरोलीहून ठाणे, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड अशी एक शनिवारची फेरी झाली. ऑनलाइनही मिळतं, पण चिपवर काय छापलंय ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. तिसऱ्या दुकानात मिळालं. एका नव्या डिस्कपेक्षा कमी पैशात काम झालं.

ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे माझा लांब एक्स१६ स्लॉट रिकामाच होता, त्यात बसवलं. ही चिप पीसीआय एक्स्प्रेस ३ च्या दोन लेन वापरते, आणि माझा आयव्ही ब्रिज पिढीचा प्रोसेसर त्या स्लॉटला ३ चा वेग देऊ शकतो, म्हणून ही जागा चांगली. जुन्या ब्रँडेड मशीनमध्ये काही वेळा तो स्लॉट ग्राफिक्सशिवाय दुसरं कार्ड घेत नाही, तेव्हा घेण्याआधी कोणाचं तरी उसनं कार्ड लावून बघता आलं तर बरं. स्लॉट भरलेला असेल तर एक्स१ स्लॉटसाठी एएसएम १०६४. एच६१ चे एक्स१ स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस २ चे, म्हणजे कागदावर सेकंदाला ५०० एमबी आणि प्रत्यक्षात थोडे कमी. फिरणारी डिस्क दीडशे-दोनशेच्या आसपास देते. दोन डिस्का एकमेकींत कॉपी करताना तुम्हाला फरक जाणवेल असं वाटत नाही. चारही एकदम वाचायला लावल्या तर जाणवेल.

विंडोज १० ने ड्रायव्हर मागितला नाही. साध्या एएचसीआय (साटा डिस्का चालवायची ठरलेली पद्धत) कंट्रोलरसारखं ते ओळखलं गेलं. आणि मग मी जे करायचं होतं ते केलं: नवी डिस्क कार्डावर फॉरमॅट केली, थोडे फोटो टाकले, काढली, बोर्डाच्या पोर्टवर लावली. उघडली. तिथून काढून बायकोच्या ऑफिसच्या जुन्या मशीनला लावली. तिथेही उघडली. त्या संध्याकाळी मी निर्धास्त झोपलो.

कार्डाला खोटही आहे. पोर्ट इतकी चिकटून आहेत की शेजारच्या केबलीची क्लिप दाबायला नखही जात नाही. मधली काढायची तर आधी वरची काढावी लागते. बूटची डिस्क मी त्यावर ठेवत नाही, ती बोर्डावरच बरी. आणि कॅबिनेटमध्ये डिस्का वाढल्या की एसएमपीएसचा (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा) विचार टाळता येत नाही. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढते. सहा डिस्का एकदम उठल्या तर नऊ ते बारा अँपिअर, आणि दहा वर्षं जुना लोकल एसएमपीएस तिथेच मान टाकू शकतो. मी कार्डाबरोबर एसएमपीएस बदलला. मोलेक्सवरून (विजेच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटाची वीज काढणारे जोड वापरावेच लागले, तर प्लास्टिकमध्ये ओतून सीलबंद केलेले घेऊ नका. त्यांत आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याचे प्रकार झालेले आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी खोचलेली दिसते ते घ्या.

डॉक अजून टेबलावर आहे. ज्यांना महिन्यातून एकदा डिस्क लावून प्रत काढायची आणि कपाटात ठेवून द्यायची, त्यांना तो अजूनही सोयीचा. फक्त बाइट्स पर सेक्टर बघून घ्या. आणि तुमचाही डॉक ४०९६ दाखवत असेल तर कार्ड आणल्या आणल्या डिस्क हलवू नका. डॉकमधली डिस्क डॉकमध्येच राहू द्या, कार्डावर दुसरी रिकामी डिस्क लावा आणि सगळं तिकडे उतरवून घ्या. माझ्या साडेतीन टीबीला रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वेळ लागला. नंतर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवली, तिन्ही हंगामांतले थोडे थोडे फोटो उघडून पाहिले आणि मगच जुनी डिस्क डॉकमधून काढून कार्डावर नव्याने फॉरमॅट केली. आता ती दुसरी प्रत आहे, आणि तिच्यात तिसरा हंगामही आहे.